जुन्या मोटारीला नवी चाके



वसंत ऋतूतल्या या ज्ञानसत्रात आपण इतिहास ऐकता, अर्थकारण ऐकता, संतवाङ्मय ऐकता. त्या पंक्तीत मोटारीच्या चाकाला आणून बसवण्याचे धाडस आज आम्ही करीत आहोत. विषय थोडा चमत्कारिक वाटेल. परंतु ज्याच्या दारात मोटार आहे त्याला, आणि ज्याच्या मुलाला ‘गाडीला मोठी चाके बसवू या’ असा ध्यास लागला आहे त्यालाही, हा विषय परका वाटू नये.

आमच्या लहानपणी गावात लोहार बैलगाडीच्या चाकाला धाव चढवीत असे. ते पाहायला आम्ही मुले गोळा होत असू. लोखंडी धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवायची, चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचे. थंड होताना ती आक्रसे आणि चाकाला आवळून धरी. धाव बोटभर मोठी झाली तर वाटेत निसटे, लहान झाली तर चढतच नसे. म्हणून लोहार आधी माप घेई आणि मगच हातोडा उचली. आजच्या आमच्या सगळ्या विवेचनाचे सार या लोहाराच्या रीतीत आहे.

आता प्रसंग सांगतो. परदेशात, आणि अलीकडे आपल्याकडेही, ‘ट्रॅक-डे’ नावाची एक हौस रुजली आहे. शर्यतमार्गाचे चालक एखादा दिवस फी घेऊन तो मार्ग सामान्य मोटारवाल्यांना खुला करतात. तेथे क्रमांक नसतो, बक्षीस नसते. आपल्याच मोटारीने, समोरून कोणी येत नाही अशा मार्गावर, वेगाची आणि आपल्या हाताची पारख करायची असते. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे १९९० साली असा मार्ग झाला, आणि दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडात २०११ साली दुसरा. जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंगचा उत्तर फेरा तर १९२७ पासूनचा, सुमारे २०.८ किलोमीटर लांबीचा. या हौशीसाठी नवी महाग गाडी न घेता पुष्कळ लोक जुनी, हलकी गाडी घेतात. आणि ती घेतल्यावर पहिला विचार येतो तो चाकांचा.

उदाहरणादाखल आम्ही एक गाडी डोळ्यांपुढे ठेवणार आहोत : माझदा कंपनीची एमएक्स-५. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती प्रथम जगापुढे आली. दोन आसने, उघडे छप्पर, इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना. एप्रिल २०१६ मध्ये या जातीची दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. पहिल्या पिढीची गाडी १९९७ पर्यंत बनत होती. आरंभीच्या १.६ लिटर इंजिनाच्या गाडीची शक्ती सुमारे ११५ अश्वशक्ती आणि वजन हजार किलोच्या आतच. आपल्याकडे ती क्वचितच दिसेल, पण इंग्लंड-अमेरिकेत शर्यतमार्गावर शिकाऊ लोकांची ती आवडती गाडी आहे. तिला कारखान्याने दिलेला टायर १८५/६० आर १४ असा आणि चाकाची रुंदी साडेपाच इंच.

हे आकडे टायरच्या बाजूवर उमटवलेले असतात. बहुतेक जण ते पाहतात, वाचणारे थोडे. १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची. मात्र ती मिलिमीटरमध्ये नसून रुंदीच्या शेकडा प्रमाणात दिलेली. १८५ चे शेकडा ६० म्हणजे १११ मिलिमीटर. ‘आर’ हे अक्षर रेडियल बांधणीचे. ही बांधणी मिशलिन कंपनीने १९४६ साली पेटंट केली. शेवटचे १४ म्हणजे ज्या धातूच्या चाकावर टायर बसतो त्याचा व्यास, आणि हा मात्र इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तीन मापे नांदतात, म्हणून माणूस गोंधळतो.

गणित सोपे आहे. १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. त्यात भिंत वर एकदा आणि खाली एकदा धरायची, म्हणजे २२२ मिळवायचे. टायरचा पूर्ण व्यास ५७७.६ मिलिमीटर आला. हा आकडा कागदावर लिहून ठेवावा. पुढचा प्रत्येक निर्णय याच्याशी ताडून पाहायचा आहे.

ताडून का पाहायचा? गाडीचे गिअर, वेगदर्शक काटा आणि मडगार्डातली मोकळी जागा ही तिन्ही या व्यासाला धरून आखलेली असतात. १९५/५० आर १५ हा टायर घेतला तर व्यास ५७६ मिलिमीटर येतो. फरक जवळजवळ नाहीच. २०५/५० आर १५ चा ५८६, म्हणजे शेकडा दीड टक्का मोठा. २२५/४५ आर १५ चा ५८३.५, म्हणजे एक टक्का मोठा. परंतु १७ इंची चाकावर २१५/४० चढवला तर व्यास ६०३.८ होतो. हा फरक साडेचार टक्क्यांचा. काटा शंभर दाखवील तेव्हा गाडी एकशेसाडेचारच्या वेगाने चाललेली असेल. दर किलोमीटरला मूळ चाक सुमारे ५५१ फेरे घेते, हे मोठे चाक ५२७ घेईल. म्हणजे प्रत्येक गिअर जरा ‘लांब’ झाला. ११५ अश्वशक्तीच्या इंजिनाला वळणातून बाहेर पडताना जी चपळाई हवी असते ती आपण पैसे देऊन कमी केली.

आता रुंदीचा प्रश्न. येथे लोकांचा एक भ्रम आहे की टायर रुंद केला की जमिनीला टेकणारा रबर वाढतो. थोडा हिशेब करू. चालकासह गाडीचे वजन १०४० किलो धरा. एका चाकावर २६० किलो आले. या गाडीच्या पुस्तकात टायरचा दाब २६ पौंड सांगितला आहे; म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.८३ किलो. भागाकार केला की १४२ चौरस सेंटिमीटर येतात. टायरच्या भिंतीचा ताठपणा थोडा भार स्वतः उचलतो, म्हणून हा आकडा ढोबळ आहे. पण ढोबळ म्हणून खोटा नाही. १४२ चौरस सेंटिमीटर म्हणजे बोटांसकट माणसाचा एक पंजा. चारही चाकांचे मिळून फुलस्केप कागदाच्या एका पानाहूनही कमी. श्रोतेहो, एवढ्या जागेवर गाडी, चालक आणि त्याच्या घरच्या माणसांचा जीव टांगलेला असतो.

वजन तेच आणि हवेचा दाब तोच ठेवला तर रुंद टायर लावूनही हे क्षेत्रफळ फारसे बदलत नाही. बदलतो तो आकार : लांबट ठसा आडवा होतो. मग रुंद टायरचा लाभ कोठून येतो? तो रबराच्या एका स्वभावातून येतो. शाळेत आपण शिकलो की दाब दुप्पट केला की घर्षण दुप्पट. लाकडाच्या ठोकळ्याला हा नियम बरासा लागू पडतो. रबर मात्र तो पाळत नाही. भार दुप्पट केला तर पकड दुपटीहून कमी वाढते. वळणावर गाडीचे वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर कलते. आतल्या चाकाने जेवढी पकड गमावली तेवढी बाहेरचे भरून काढीत नाही, आणि एकंदर पकड घटते. रुंद टायर हा वाढीव भार अधिक सुखाने सोसतो. शिवाय घर्षणाची उष्णता अधिक रबरावर वाटली जाते, म्हणून तो दहा-पंधरा फेऱ्यांनंतर लवकर थकत नाही. लाभ खरा आहे. फक्त लोक समजतात त्या कारणाने तो होत नाही.

मात्र रुंद टायरला रुंद चाकाचाच आधार लागतो. अरुंद पाटावर रुंद गादी टाकली की तिच्या कडा लोंबकळतात, तसे साडेपाच इंची चाकावरच्या रुंद टायरचे होते. भिंती आत झुकतात, वळणावर टायर डुलतो आणि सुकाणूने सांगितलेली गोष्ट रस्त्यापर्यंत उशिरा पोचते. टायर बनवणारे प्रत्येक मापाला चाकाची रुंदी नेमून देतात. १९५/५० ला साधारण साडेपाच ते सात इंच, २०५/५० ला साडेपाच ते साडेसात, आणि २२५/४५ ला सात ते साडेआठ. शर्यतीचे लोक २२५ चा टायर नऊ इंची चाकावरही ताणून बसवतात. पण ते या मर्यादेबाहेर जाणे आहे आणि जाणतेपणाने केलेले आहे. घरच्या वापराच्या गाडीला तो आदर्श नव्हे.

आणखी एक मोह असतो : फक्त मागचे टायर रुंद करण्याचा. मागून गाडी भारदस्त दिसते खरी. पण एमएक्स-५ चे वजन पुढेमागे जवळजवळ सारखे वाटलेले आहे आणि चारही टायर एकाच मापाचे धरून तिचा तोल साधला आहे. मागची पकड वाढवली आणि पुढची तशीच ठेवली, तर वळणावर पुढची चाके आधी घसरतात आणि गाडी वळायचे नाव घेत नाही. चारही सारखी ठेवली तर तोल राहतो, आणि झीज समान व्हावी म्हणून टायर आलटून पालटूनही लावता येतात.

आता आमच्या डोळ्यांसमोर घडलेली एक गोष्ट सांगतो. इंग्लंडात स्थायिक झालेले आमचे एक स्नेही आहेत. त्यांनी अशीच जुनी एमएक्स-५ घेतली आणि तिला सतरा इंची चाके व २१५/४० चे टायर चढवले. दुकानदाराने सांगितले, “बसतील.” आणि बसलीही. महिनाभर ते त्यावर कचेरीत गेले, काही बिघडले नाही. मग एके दिवशी शर्यतमार्गावर गेले. आम्ही कठड्याबाहेर उभे होतो. चौथ्या-पाचव्या फेरीनंतर ते हळूहळू परत आले. गाडीपाशी जळक्या रबराचा उग्र वास होता. मागच्या बाहेरच्या टायरच्या खांद्यावर सबंध घेरभर एक चर पडला होता, बोटाचे नख आत जाईल इतका. वेगवान वळणावर गाडी कलली, स्प्रिंग दबली आणि मडगार्डाच्या आत वळवलेल्या पत्र्याच्या धारेने टायर सुरीसारखा कापला. आणखी दोन फेऱ्या झाल्या असत्या तर काय झाले असते, हे त्यांनी आणि आम्ही एकमेकांना विचारले नाही. त्यांच्या शेजारच्या आसनावर त्यांचा मुलगा होता.

चाक बसणे वेगळे आणि फिरणे वेगळे. गाडी उभी असताना जी जागा दिसते ती खरी जागा नव्हे. स्प्रिंग पुरी दबलेली आणि सुकाणू पुरे वळलेले असताना जी उरते ती खरी. ती मोजण्याची रीत सोपी आहे. गाडी घोड्यांवर उचलून सुरक्षित ठेवावी, स्प्रिंग काढावी, आणि चाक जॅकने वर ढकलून पूर्ण उंचीपर्यंत न्यावे. सुकाणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. मडगार्डाच्या आत मातीचे किंवा मेणाचे गोळे चिकटवले तर ते दबून किती जागा उरली ते तेच सांगतात. एक दिवस जातो, पण टायर वाचतो आणि कदाचित माणूसही.

या जागेच्या हिशेबात व्यासाइतकेच महत्त्व ‘ऑफसेट’ या मापाला आहे. चाक ज्या पृष्ठावर हबला टेकते ते पृष्ठ चाकाच्या मध्यरेषेपासून किती बाहेर आहे, त्याचे हे माप. मूळ चाकाचा ऑफसेट ४५ मिलिमीटर. साडेपाच इंचाची निम्मी रुंदी सुमारे ७० मिलिमीटर. म्हणजे हबच्या पृष्ठापासून चाक आत ११५ मिलिमीटर आणि बाहेर फक्त २५ मिलिमीटर. आता सात इंची आणि ३५ ऑफसेटचे चाक घ्या. निम्मी रुंदी ८९. आत १२४, बाहेर ५४. म्हणजे चाक आतल्या बाजूला नऊ मिलिमीटर सरकले आणि बाहेरच्या बाजूला एकोणतीस. आठ इंची, २५ ऑफसेटचे घेतले तर आत बारा आणि बाहेर जवळजवळ बावन्न मिलिमीटर. बेरीज-वजाबाकी येणाऱ्या कोणालाही हा हिशेब विकत घेण्यापूर्वी कागदावर करता येतो. चाक जितके बाहेर जाईल तितका सुकाणूला बसणारा झटका वाढतो आणि चाकाच्या बेअरिंगवर मरोड वाढतो. तीस वर्षांच्या गाडीत बेअरिंगही तीस वर्षांची असू शकतात. चिकट टायर आणि बाहेर सरकलेले चाक यांचा मारा सोसताना या गाडीच्या पुढच्या बेअरिंग प्रथम कुरकुरतात, हा शर्यतमार्गावरचा नेहमीचा अनुभव आहे.

दुसऱ्या जुळणीच्या गोष्टी थोडक्यात. या गाडीच्या चाकाला चार नट, आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर. चाकाच्या मधल्या भोकाचे माप ५४.१ मिलिमीटर. बाजारातील चाकांचे भोक बहुधा मोठे असते. त्यात योग्य मापाचे कडे घालावे, म्हणजे चाक नेमके मध्यावर बसते आणि थरथरत नाही. नटाची बसणारी कड चाकातल्या खाचेच्या आकाराची असलीच पाहिजे. नट टॉर्कच्या पान्याने आवळावेत, आणि शर्यतमार्गावरच्या पहिल्या फेऱ्यांनंतर चाके निवली की पुन्हा तपासावेत. जुनी मिश्रधातूची चाके घेतली असतील तर धुऊन, पुसून, आऱ्यांच्या मुळाशी केसासारखी चीर आहे का ते उजेडात पाहावे.

चौदा इंची चाक सोडून पंधराच का घ्यायचे, असे कोणी विचारील. त्याचे कारण सौंदर्यात नसून बाजारात आहे : शर्यतमार्गाजोगा चिकट टायर चौदा इंचात आता दुर्मिळ झाला आहे, पंधरा इंचात मिळतो. पुढे मोठे ब्रेक बसवायचे झाले तर तेही पंधरात मावतात. मग सोळा-सतरा का नकोत? कारण चाक वाढले की भिंत बुटकी होते, धातू वाढतो आणि वजन वाढते. चाकाचे वजन स्प्रिंगच्या खाली असते. खाचखळग्यावर ते उडाले की टायर जमीन सोडतो. शिवाय फिरणारे वजन दोनदा सोसावे लागते : एकदा पुढे ढकलताना आणि एकदा गरगर फिरवताना. घेराजवळचा एक किलो वेग घेताना जवळजवळ दोन किलोंसारखा जड जातो.

माप ठरल्यावर रबराची जात. टायरच्या बाजूवर शेवटी ८२ व्ही अशी खूण असते. ८२ म्हणजे तो टायर ४७५ किलो पेलतो, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंत योग्य. याखेरीज अमेरिकी पद्धतीचा झिजेचा आकडा असतो. तो जितका कमी तितका रबर सामान्यतः मऊ आणि चिकट. ट्रॅक-डेच्या टायरांत २०० चा वर्ग बराच लोकप्रिय आहे. आणखी एक चार आकडी खूण वाचायला विसरू नये. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. खाचा कोऱ्या दिसल्या तरी वर्षांनी रबर कडक होते. जुन्या गाडीबरोबर आलेला ‘जवळजवळ नवा’ टायर पुष्कळदा दहा वर्षांचा निघतो, आणि तो नेमका पहिल्या पावसात आपले वय सांगतो.

हवेचेही गणित आहे. सकाळी २७ अंशांवर २६ पौंड हवा भरली आणि धावून टायर ७७ अंशांवर गेला, तर दाब सुमारे ३३ पौंड होतो. जास्त फुगलेला टायर मधोमध टेकतो आणि कडा उचलतो. ज्या रुंदीसाठी पैसे दिले तीच वाया जाते. म्हणून शर्यतमार्गावर गरम टायरचा दाब किती हवा ते आधी ठरवावे आणि फेऱ्या संपताच मोजून जादा हवा सोडावी. पण सायंकाळी घरी निघण्यापूर्वी, टायर निवल्यावर, ती पुन्हा भरण्यास विसरू नये. मऊ हवेवर हमरस्त्याने धावणे धोक्याचे आहे.

एवंच, आमचा सल्ला असा. गाडी रोजही वापरायची आणि महिन्या-दोन महिन्यांनी मार्गावर न्यायची असेल, तर पंधरा इंची, सात इंच रुंद, पस्तीसच्या आसपास ऑफसेटची हलकी चाके आणि १९५/५० चे चांगले टायर. थोडी अधिक पकड हवी तर २०५/५०. केवळ शर्यतमार्गासाठीच गाडी राखून ठेवली असेल, मडगार्डाची धार आत वळवून घेतली असेल आणि बेअरिंग नव्या असतील, तरच आठ इंची चाक आणि २२५/४५ चा विचार करावा. आणि अगदी नवशिका असेल त्याने पहिले वर्ष मूळ चौदा इंची चाकांवरच काढावे. कमी पकडीचा टायर घसरण्याआधी सूचना देतो, हळू वेगात घसरतो आणि शिकवतो. वाचलेल्या पैशांतून ब्रेकचे नवे पॅड, ताजे ब्रेक ऑइल आणि जाणत्या शिक्षकाचा एक दिवस विकत घ्यावा.

आमच्या स्नेह्यांनी ती सतरा इंची चाके विकली. आता त्यांची गाडी पंधरा इंची चाकांवर धावते. पूर्वीइतकी रुबाबदार दिसत नाही, असे ते स्वतःच म्हणतात. पण कापलेला तो टायर त्यांनी टाकला नाही. गॅरेजच्या भिंतीला तो टांगून ठेवला आहे. गाडी बाहेर काढताना मुलगा त्या चरावरून एकदा बोट फिरवतो, आणि मग हवा मोजायला बसतो. आमच्या गावच्या लोहाराने हे पाहिले असते, तर पोरगे कामाचे आहे म्हणून मान डोलावली असती.